एनडीपीएस तपासणी किट : रंग व्हिएन्नाचे, ऊन नागपूरचं

अमली पदार्थ ओळखायचं किट (एनडीपीएस हे अमली पदार्थविरोधी कायद्याचं इंग्रजी लघुनाव) घ्यायचं असेल तर आधी झाकण उघडून एकच गोष्ट बघा : मार्क्विस या रंगचाचणीच्या रसायनाची बाटली एक आहे की दोन. एकच असेल तर नागपुरात ती पेटी घेऊ नका. कारण पुढे येईलच. पण घाईत असाल तर एवढ्यावरही निर्णय होऊ शकतो.

पोलीस ठाण्यात, रेल्वे पोलिसांत आणि कस्टममध्ये जिला नुसतं ‘किट’ म्हणतात, ती ही अमली पदार्थांच्या प्राथमिक तपासणीची पेटी. फोममध्ये खोचलेल्या रसायनांच्या ड्रॉपर बाटल्या, खळग्यांची पांढरी स्पॉट प्लेट, बुचाच्या छोट्या परीक्षानळ्या, बारीक चमचे आणि रंगांचा तक्ता, एवढा संसार. बनवणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या आहेत, पण आतली रीत जवळपास एकच, आणि ती रीत व्हिएन्नाहून येते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हे कार्यालयाची तिथे प्रयोगशाळा आहे. कोणत्या पदार्थाला कोणतं रसायन, किती थेंब, कोणता रंग, हे तिने ठरवून सदस्य देशांना दिलं. म्हणून नागपूर स्टेशनवर ब्राउन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या पुडीला जो रंग यायला हवा, तोच नैरोबीत आणि बँकॉकमध्येही यायला हवा. अमली पदार्थांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातला शिपायाच्या हातात पडणारा भाग म्हणजे ही पेटी. बाकीचं सहकार्य फायलींत असतं.

नागपूरला या पेटीचं काम जास्त. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथे एकमेकांना छेदतात, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्गही इथेच. ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरांतून निघालेला गांजा रायपूरकडून येतो तो याच चौकातून पुढे फुटतो. विमानतळावरून शारजा-दोह्याला थेट विमानं आहेत.

मार्क्विस

सगळ्यात जास्त वापर याचा. पहिल्या बाटलीत ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये फॉर्मल्डिहाइडचे थोडे थेंब, दुसरीत तीव्र गंधकाम्ल. खळग्यात १ ते २ मिलिग्रॅम पावडर घ्यायची, म्हणजे टाचणीच्या डोक्यावर मावेल इतकी. पहिल्या बाटलीचा १ थेंब, मग दुसरीचे २ ते ३ थेंब. हेरॉइन, मॉर्फिन, अफू असेल तर जांभळट रंग भरत जातो. ॲम्फेटामिन आणि मेथॅम्फेटामिन नारिंगी होऊन तपकिरीकडे झुकतात. एमडीएमए (एक्स्टसी) असेल तर खळगा काळा-निळा होतो.

चुकतं ते प्रमाणात. चमचाभर पावडर टाकली की आम्ल तिला जाळायला लागतं आणि खळग्यात काळपट चिखल उरतो. साखर भेसळीला असेल तर हमखास. रंग पहिल्या काही सेकंदांत बघायचा असतो. पाच मिनिटांनी सगळंच तपकिरी दिसतं, आणि पाच मिनिटांनंतरचा तपकिरी रंग कशाचाही पुरावा नाही.

दुसरी चूक नकली सकारात्मक निकालाची. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही जांभळं होतं, कारण ते त्याच घराण्यातलं. साधी ॲस्पिरिन हळूहळू गुलाबी आणि मग गडद लाल होते. हा दोष आहे खरा, पण उपयोगीही आहे : ॲस्पिरिनची अर्धी गोळी चुरून त्यातल्या कणभराचा दर आठवड्याला एक खळगा करून बघा. लाल आला तर बाटल्या जिवंत आहेत. रिकाम्या खळग्यातही दोन्ही रसायनं टाकून बघायची. तिथेच रंग आला तर प्लेट अस्वच्छ आहे किंवा रसायन बिघडलंय. हे दोन खळगे करायला मिनिट लागतं, आणि उलटतपासणीत ‘किट चालू होतं हे कशावरून?’ या प्रश्नाला दुसरं कुठलंही उत्तर टिकत नाही.

हेरॉइन की मॉर्फिन, हे मार्क्विस सांगत नाही. त्यासाठी नायट्रिक ॲसिडची बाटली आहे : मॉर्फिन नारिंगी-लाल होतं, हेरॉइन पिवळं होऊन हिरवटाकडे जातं. ॲम्फेटामिन की मेथॅम्फेटामिन, याला सायमनची चाचणी. मेथवर गडद निळा रंग येतो, साध्या ॲम्फेटामिनवर येत नाही. कागदावर सोपं आहे, पण सायमनची बाटली नागपुरात सगळ्यात आधी मरते.

कोकेनच्या तीन पायऱ्या, आणि पहिल्याच पायरीवर थांबणारे

स्कॉट चाचणीत कोबाल्ट थायोसायनेट, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग क्लोरोफॉर्म. नमुना १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पहिल्या रसायनाचे ५ थेंब, हलवा, निळा रंग येतो. आम्लाचा १ थेंब टाकला की निळा जाऊन गुलाबी व्हायला हवा. क्लोरोफॉर्मचे ५ थेंब टाकून हलवलं की खालच्या थरात पुन्हा निळा उतरायला हवा. तिन्ही घडलं तरच ‘कोकेन असण्याची शक्यता’.

पहिला निळा दिसला की पेटी बंद करणारे बरेच असतात. पण तो निळा लिग्नोकेनलाही येतो, डायफेनहायड्रामिनलाही येतो, नमुना जास्त पडला तर हेरॉइनलाही येतो. लिग्नोकेन हे दातांच्या डॉक्टरांकडचं भूल देणारं औषध, आणि कोकेनमध्ये भेसळीला तेच घालतात, म्हणजे गोंधळ दुहेरी. विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेतली पांढरी पावडर बघताना तिसरी पायरी सोडून चालत नाही. तिन्ही पायऱ्यांचे तीन फोटो काढून ठेवा, वेळेसकट.

गांजा, आणि भांगेचा घोळ

गांजा-चरसाला दोन चाचण्या मिळतात : डुकेनॉय-लेव्हिन आणि फास्ट ब्लू बी. दुसरी जास्त भरवशाची. परीक्षानळीत चिमूटभर नमुना, त्यावर फास्ट ब्लूची किंचित पावडर, मग क्लोरोफॉर्मचे २५ थेंब, आणि एक मिनिट हलवणं. नंतर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे २५ थेंब, दोन मिनिटं हलवणं, दोन मिनिटं नळी स्थिर ठेवणं. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. रंग बघायचा तो खालच्या थरात : जांभळट लाल. वरच्या थरात कितीही रंगीबेरंगी दिसो, तो निकाल नाही. ही एक ओळ तक्त्यावर बारीक अक्षरात असते आणि वाचली जात नाही.

आता घोळ. चाचणी वनस्पतीतल्या कॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांना प्रतिसाद देते. गांजाच्या फुलोऱ्यात ते आहेत, भांगेच्या पानातही आहेत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे महाशिवरात्रीला वाटलेल्या भांगेच्या गोळ्याचा खालचा थरही लालच येणार, आणि किटला त्यातला कायदेशीर फरक कळणार नाही. तो डोळ्यांनी बघायचा असतो : शेंडे आहेत का, चिकट बोंडं आहेत का. पंचनाम्यात ‘किटने गांजा निष्पन्न’ एवढंच लिहिलं आणि शेंड्यांचं वर्णन केलंच नाही, तर बचावाचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

किती चाचण्या पुरतात

विकत घेताना ‘अमुक चाचण्यांचं किट’ असा आकडा सांगतात. त्या आकड्यावर विसंबू नका, नियमाचं गणित करा.

२०२२ च्या जप्ती, साठवणूक, नमुने आणि विल्हेवाटीच्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात. पुडकी बरीच असतील तर ती एकत्र गटात घेता येतात : गांजा-चरसासाठी एका गटात जास्तीत जास्त ४०, इतर बहुतेक पदार्थांसाठी १०. पण अट आहे. पुडकी आकार-वजनाला सारखी हवीत, खुणा सारख्या हव्यात, आणि प्रत्येक पुडक्याचा किटवरचा रंग सारखा यायला हवा. किटला कायद्यात खरी जागा मिळते ती इथे.

गांजाची ८० पुडकी सापडली असं धरू. ८० रंगचाचण्या, ४०-४० चे २ गट, प्रत्येक गटाचे दुहेरी नमुने म्हणजे ४, आणि गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा. एका नळीला २५ थेंब म्हणजे सव्वा मिली क्लोरोफॉर्म धरलं तर ८० नळ्यांना १०० मिली लागतं. ड्रॉपर बाटली ३० मिलीची असेल तर ती चोविसाव्या नळीलाच रिकामी. म्हणून पेटीपेक्षा सुट्या बाटल्यांच्या भरणीचा दर आधी विचारा. पेटी एकदाच घेतली जाते, भरणी वर्षभर लागते, आणि भरणी देणारा नसेल तर सहा महिन्यांत पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते.

इथली नेहमीची चूक अशी : सगळ्या पुडक्यांतून चिमूट-चिमूट काढायची, कागदावर एकत्र करायची आणि एकच चाचणी घ्यायची. वेळ वाचतो, प्रकरण मोडतं. मिसळल्यावर कोणत्या पुडक्यात काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही. गांजाची व्यापारी मात्रा, म्हणजे जिच्यापुढे सगळ्यात कडक शिक्षा लागते ती रेषा, २० किलो आहे. त्यातलं एकच पुडकं पाल्याचं निघालं तर वजन रेषेच्या खाली येऊ शकतं.

शुद्धता मात्र किटकडून मागू नका. ती ते सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर भेसळीसकट एकूण वजन धरतात. २५० ग्रॅम ब्राउन शुगरमध्ये हेरॉइन किती टक्के, याने व्यापारी मात्रा बदलत नाही.

ऊन

व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत ठरलेल्या रसायनांना नागपूरचा मे महिना ठाऊक नव्हता. इथे पारा ४५ च्या वर जाणं नवलाचं नाही. बंद जीपच्या डिक्कीत किती होत असेल, विचारूच नका.

सायमन आणि डुकेनॉय या दोन्ही रसायनांत ॲसिटाल्डिहाइड असतं. त्याचा उत्कलनबिंदू २० अंशांच्या आसपास. म्हणजे नागपुरात डिसेंबरची पहाट सोडली तर ते कायम उडायच्या तयारीत. द्रावणात असल्यामुळे एकदम उडत नाही, पण बूच सैल राहिलं की हळूहळू जातं. बाटली भरलेली दिसते, आत काम करणारा घटकच नसतो. मग मेथॅम्फेटामिनवर निळा येत नाही आणि निकाल ‘नकारात्मक’ लिहिला जातो. खोट्या सकारात्मकापेक्षा हा जास्त वाईट. खोटा सकारात्मक प्रयोगशाळेत पकडला जातो, खोट्या नकारात्मकाचा माल गेटबाहेर गेलेला असतो. डुकेनॉयचं द्रावण गडद पिवळं झालं की फेकून द्यायचं, अशी सूचना मूळ रीतीतच आहे. ती बाटलीवर मराठीत लिहून चिकटवा.

फॉर्मल्डिहाइड आणि गंधकाम्ल आधीच एकत्र करून ठेवलं तर मिश्रण काळवंडत जातं, उष्णतेत लवकर. सुरुवातीला दोन बाटल्यांचा आग्रह धरला तो याचसाठी. वेगवेगळ्या बाटल्यांत दोन्ही बराच काळ टिकतात.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. गंधकाम्ल हवेतली ओल शोषतं, पातळ होतं, आणि रंग मरगळून येतो. फास्ट ब्लूची पावडर ओल लागली की निकामी. हायड्रोक्लोरिकच्या वाफांनी फोमजवळचे धातूचे चमचे आणि पेटीच्या कड्या गंजतात, म्हणून चमचे प्लॅस्टिकचे किंवा लाकडी काड्या. क्लोरोफॉर्म तपकिरी काचेतच हवं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत आलं तर परत करा.

उपाय खर्चिक नाही. ठाण्यात छोटा फ्रिज, त्यात ॲसिटाल्डिहाइडच्या बाटल्या आणि फास्ट ब्लू. पाण्याची बाटली आणि डबा त्याच फ्रिजमध्ये मुळीच नको. गाडीत न्यायचं असेल तर भाजीवाल्याकडे मिळते तसली थर्मोकोलची पेटी आणि दोन बर्फाच्या पिशव्या. बाटली फोडली की तिच्यावर तारीख. उन्हाळ्यात सायमन-डुकेनॉयची बाटली महिन्याने बदला, मुदत छापील काहीही असो.

जाता जाता : ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. निदान शेजारच्या केंद्रांशी ताडून बघण्याची सोय होती. किटच्या बाबतीत ते ताडून बघणं म्हणजे तो रिकामा खळगा आणि ॲस्पिरिनचा खळगा.

एमडीपुढे किट थकतं

या पेटीवरची खरी तक्रार इथे आहे. तिची रचना अफू, हेरॉइन, गांजा, कोकेन यांच्याभोवती झाली. शहरात आज ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मार्क्विसमध्ये मेफेड्रोनला रंगच येत नाही किंवा नुसती फिकट पिवळी छटा येते. स्कॉटवर विश्वास ठेवण्यासारखं काही नाही. जुनी पेटी घेऊन एमडीच्या पुडीवर बसलात तर तक्त्यातल्या एकाही चौकटीशी जुळणारं उत्तर मिळत नाही, आणि घाईत ‘अमली पदार्थ नाही’ असा चुकीचा अर्थ लावला जातो.

मेफेड्रोन २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. आपल्याकडेही त्याच वर्षी ते एनडीपीएसच्या कक्षेत आलं, व्यापारी मात्रा ५० ग्रॅम. करार झाला, अधिसूचना निघाली, पण नळ्यांच्या पेटीत बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. मेफेड्रोन ज्यातलं त्या कॅथिनोन गटासाठी झिमरमनची चाचणी आहे, तिच्यात तांबूस-जांभळा रंग येतो. विकत घेताना ‘एमडीसाठी काय आहे?’ हा प्रश्न थेट विचारा. ‘मार्क्विसमध्ये दिसतं’ असं उत्तर आलं तर विक्रेत्याला विषय माहीत नाही. आणि झिमरमनला डायझेपामही रंग देतं, तेव्हा झोपेच्या गोळ्यांचा चुरा आणि एमडी यांत तीही ठाम फरक करत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने नागपुरातल्या पाचपावलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला कारखाना पकडला. तिथलं ५० किलोंहून जास्त मेफेड्रोन द्रवरूपात होतं. किटचे तक्ते पावडरसाठी केलेले. रसायनांचं अर्धवट मिश्रण आधीच पिवळं-तपकिरी असतं, त्यात चाचणीचा रंग बुडून जातो. द्रव असेल तर एक थेंब खळग्यात घेऊन सुकू द्यावा, शेजारच्या खळग्यात त्याच द्रवाचा थेंब रसायनाशिवाय ठेवावा, आणि दोन्हींतला फरक लिहावा. अशा जागी हे काम तज्ज्ञ आल्याशिवाय करूच नये हे जास्त खरं. बंद खोलीतल्या द्रावकांच्या वाफा आणि हातातलं तीव्र गंधकाम्ल यांचं जमत नाही.

कारखाना म्हटलं की कच्च्या रसायनांची वेगळी किट लागते, तिला प्रिकर्सर किट म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कराराचं १२ वं कलम या रसायनांसाठीच आहे. हेरॉइन बनवायला लागणाऱ्या ॲसेटिक ॲनहायड्राइडसारखा माल एका देशातून दुसरीकडे निघायच्या आधीच घेणाऱ्या देशाला कळवायची सोय २००६ पासून ऑनलाइन चालते, आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळातर्फे. कागदावर ड्रमचं नाव एक आणि आत दुसरंच असेल तेव्हा प्रिकर्सर किट कामाला येते. बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्यांनी दोन्ही पेट्या ठेवाव्यात. एकीचं काम दुसरी करत नाही.

पंचनाम्यातला रंग

माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत येतं, पंचनामा मराठीत होतो. मधल्या मध्ये रंग हरवतो. इंग्रजीतल्या दोन-तीन वेगळ्या छटांना आपण सरसकट ‘जांभळा’ म्हणतो. एका पानावर ‘जांभळा’, दुसऱ्यावर ‘किरमिजी’, तिसऱ्यावर ‘वांगी कलर’, आणि तिन्ही एकाच खळग्याबद्दल. ठाण्याने एकदाच बसून शब्द ठरवावेत : पिकलेल्या जांभळाच्या सालीचा तो जांभळा, बिटाचा रस तो किरमिजी, नीळ घातलेल्या पाण्याचा तो निळा. यादी झाकणाच्या आतून चिकटवावी, सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत.

रात्री महामार्गावर पिवळ्या दिव्याखाली रंग बघू नका. त्या उजेडात गुलाबी नारिंगी दिसतो आणि निळा काळा. पांढऱ्या एलईडीची विजेरी पेटीतच ठेवा. रंग बघणाऱ्याला लाल-हिरव्याचा दृष्टिदोष नाही ना, हेही एकदा तपासून घ्या. पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा पुष्कळ जास्त, आणि अनेकांना तो स्वतःला माहीत नसतो.

मजकूर असा असावा : कोणती चाचणी, किती नमुना, किती थेंब, किती वेळात कोणता रंग, रिकाम्या खळग्यात काय आलं, बाटलीचा बॅच क्रमांक आणि मुदत. शेवटी ‘अमुक पदार्थ असल्याचे प्राथमिकदृष्ट्या दिसून आले’. ‘निष्पन्न झाले’ हा शब्द न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसाठी राखून ठेवा.

माल परदेशातून आला असेल तर हे दुप्पट लागू. दुसऱ्या देशाकडे कायदेशीर मदतीची विनंती जाते तेव्हा तिच्यासोबत किटचा रंग नाही, प्रयोगशाळेचा अहवाल जातो. तो तिकडे मानला जावा म्हणूनच व्हिएन्नाची प्रयोगशाळा वर्षातून दोनदा जगभरच्या प्रयोगशाळांना अनोळखी नमुने पाठवून त्यांची उत्तरं तपासते. किटची अशी परीक्षा कुणी घेत नाही, ती आपली आपणच घ्यायची.

एक अपवाद आहे. नियंत्रित पाठवणीत, म्हणजे माल पकडून पुन्हा पुढे जाऊ द्यायचा आणि घेणाऱ्याला गाठायचं, तिथे अहवालाची वाट बघायला वेळ नसतो. १९८८ च्या कराराचं ११ वं कलम आणि आपल्या कायद्यातलं ५०-अ याला परवानगी देतं, माल तसाच ठेवून किंवा पूर्ण-अंशतः बदलूनही. तिथे १ मिलिग्रॅममध्ये उत्तर देणारी ही पेटी उपयोगाची ठरते : पुडक्याचं वजन हलत नाही, वेष्टण जेमतेम सुईएवढं उघडावं लागतं. यादीतला फरक मात्र ध्यानात ठेवा. केटामाइन आपल्याकडे २०११ पासून आणि ट्रॅमाडॉल २०१८ पासून नियंत्रणात आहे, पण आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीत ही दोन्ही नाहीत. पलीकडचा देश त्यांच्याकडे गुन्हा म्हणून बघेलच असं नाही.

बाटल्या की पाकिटं

बाटल्यांच्या पेटीला पर्याय म्हणजे एकवापरी पाकिटं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत काचेच्या बारीक कुप्या असतात. नमुना टाकायचा, तोंड बंद करायचं, कुप्या ठरलेल्या क्रमाने बोटांनी फोडायच्या, हलवायचं. सीलबंद असल्यामुळे ॲसिटाल्डिहाइड उडत नाही, आम्ल हातावर सांडत नाही, धावत्या गाडीतही जमतं. तोटे दोन : दर चाचणीचा खर्च जास्त, आणि क्रम चुकला की पाकीट वाया. स्कॉटच्या पाकिटात दुसरी कुपी आधी फुटली तर निळा दिसतच नाही. चाळीस-पन्नास पुडक्यांच्या जप्तीला पाकिटं परवडत नाहीत. रेल्वे पोलीस आणि विमानतळासाठी पाकिटं, ठाणं आणि गुन्हे शाखेसाठी बाटल्या, ही वाटणी नागपूरला बसते.

हातात धरायचं रामन यंत्र हा तिसरा पर्याय. पारदर्शक पिशवी न उघडता लेझरने पदार्थ ओळखतं, मेफेड्रोनही ओळखतं, फक्त त्याच्या संग्रहात त्या पदार्थाची नोंद हवी. अडतं ते ब्राउन शुगरवर : तपकिरी मालाची स्वतःचीच चमक इतकी की खरा संकेत झाकला जातो. गांजालाही निरुपयोगी. किंमत मोठी. असेल तर उत्तम, पण त्यामुळे पेटी निकाली निघत नाही.

वापरून झाल्यावर स्पॉट प्लेट नळाखाली धरू नका. तीव्र आम्लावर पाणी पडलं की उडतं. आधी प्लेटवर खाण्याचा सोडा भुरभुरा, फेस थांबेपर्यंत थांबा, मग पाणी. क्लोरोफॉर्मच्या नळ्या वेगळ्या घट्ट बाटलीत, बेसिनमध्ये नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा पेटीत नसतील तर वेगळे घ्या. पावडर नाकाशी नेऊन वास घ्यायची जुनी सवय आता जिवावर बेतू शकते. फेंटानिल मोजक्या मिलिग्रॅममध्ये, आणि त्याच्या जातीचे काही पदार्थ मिलिग्रॅमच्याही अंशात घातक असतात.

घरात पोराच्या खिशात काही सापडलं म्हणून हे किट मागवायचा विचार करणाऱ्या पालकांसाठी एवढंच : घेऊ नका. पुडी जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि वर आलेल्या रंगाचा अर्थ लावायला तुम्ही एकटे असाल. १९३३ हा राष्ट्रीय अमली पदार्थ हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे नाव न सांगताही बोलता येतं.

मागणीपत्रात आमच्या मते हे लिहून घ्या : मार्क्विस दोन बाटल्यांत, फास्ट ब्लू बी हवं, नुसतं डुकेनॉय नको, झिमरमन वेगळं, क्लोरोफॉर्म तपकिरी काचेत आणि त्याची जादा भरणी, प्रत्येक बाटलीवर बॅच आणि मुदत, पुरवठा मार्च ते जूनमध्ये करायचा असेल तर थंड पेटीतून. शेवटच्या अटीवर विक्रेते कुरकुरतात. तिथे अडून राहा.